माणसं नावाचं फोल्डर

दीपमाला अवसरमोल कोणाचं ऐकत नाही. डोणगावात हे सगळ्यांना माहीत आहे. मला शाळेपासून माहीत आहे. तरी त्या सोमवारी मी स्टुलावर बसले होते तशीच बसून राहिले. 

ती दर्पण फोटो स्टुडिओत काम करते. स्टुडिओ मेन रोडवर, कृषी केंद्र आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये. मालक देवानंदभाऊ. ते लग्नं शूट करतात, दीपमाला दुकान सांभाळते. पासपोर्ट फोटो, अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे बॅनर. सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर. मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि परीक्षांचे अर्ज भरत बसले. अर्जाला फोटो लागतो म्हणून तिथं जायला लागले. पुढं फोटो लागत नसला तरी जायला लागले.

आमच्याकडे माणूस गेला की घरचे एकाला पाहुण्यांकडे पाठवतात आणि एकाला फोटोच्या दुकानात. तेरवीला फोटो लागतो. आमच्या बौद्ध वस्तीत जलदान विधीला लागतो. आणि म्हाताऱ्या माणसाचा फोटो घरात नसतो. मोबाइलमध्ये असतो तो नातवाचा, आजी मागं अर्धी कापलेली. आधार कार्डावर असतो. पण आधारचा फोटो मोठा केला की भला माणूसही चोरी करताना धरल्यासारखा दिसतो.

मग दीपमाला त्या माणसाला दुसऱ्याच्या लग्नात शोधते.

माणूस स्वतःचा फोटो काढायला जात नाही, पण लग्नाला जातो. धुतलेलं धोतर नेसतो. बाई असेल तर ठेवणीतलं लुगडं नेसते. मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहतो, पंगतीत बसतो, आणि कुठंतरी भाऊंच्या कॅमेऱ्यात येतो. दीपमाला तो कोपरा मोठा करते. शेजारच्याचा खांदा पुसते. मागची खुर्ची पुसते. नवरीच्या मामाचा हात पुसते. उरतो तो आपला माणूस.

तिची आईही अशीच सापडली होती. महामायाबाई लग्नाच्या स्वयंपाकाला जायच्या, पुऱ्या लाटायला. त्या तापानं गेल्या तेव्हा तिचे वडील इंद्रभानकाका आधार कार्ड घेऊन दर्पणमध्ये आले. सोबत दीपमाला. भाऊंनी तिला टेबलाशी बसवलं आणि लग्नामागून लग्न दाखवत गेले. एका फोटोत नवरदेवाचा काका पेढा खात होता. त्याच्या खांद्यामागं महामायाबाई उभ्या होत्या. कोपरापर्यंत पीठ, आणि नजर सरळ कॅमेऱ्यात. आईला आधी दीपमालानं ओळखलं. इंद्रभानकाकांना दाखवावं लागलं.

फ्रेम देताना भाऊ म्हणाले, "पोरी, तुले नजर हाये. कामाले येतं का?"

ती दुसऱ्याच आठवड्यात आली.

तर हे सगळे चेहरे एका फोल्डरमध्ये होते. फोल्डरचं नाव 'माणसं'. भाऊंनी वर्षानुवर्षं प्रत्येक लग्न त्याच एका फोल्डरमध्ये ओतलं होतं. "येगयेगळं ठेवलं का हरपते," असं त्यांचं म्हणणं. आणि उघडलं की फोटो मोठाल्या चित्रांत दिसले पाहिजेत. गिऱ्हाईक टेबलाशी उभं राहून बोट ठेवेल, हा आमचा बाप.

पहिली काही वर्षं हे चाललं. मग फोल्डर फुगलं. 'माणसं'वर क्लिक केलं की वरच्या पट्टीत एक हिरवी रेघ निघायची. सरकत सरकत उजव्या टोकाशी जायची आणि थबकायची. खाली नुसते पांढरे चौकोन. एखाद्या चौकोनात चेहरा यायचा, मग बराच वेळ काही नाही. मध्येच स्क्रीनवरची सगळी खिडकी पांढरी पडायची. गिऱ्हाईक बाहेर जाऊन चहा पिऊन यायचं आणि रेघ तिथंच असायची.

"भाऊ, तुमचं मशीन एसटीपेक्षा लेट हाये," कोणी म्हणायचं.

"एसटी येते तरी," दुसरा म्हणायचा.

त्यात स्टँडसमोर नवं दुकान झालं. काचेचं दार, नवं मशीन. तिथं फोटो बोट लावायच्या आत उघडतो, असं लोक सांगू लागले. भाऊंच्या काही ऑर्डरी तिकडे गेल्या.

दीपमालानं स्वतःच काहीतरी करायचं ठरवलं. तिनं मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एकानं सांगितलं, मशीननं साठवलेली छोटी चित्रं पुसून टाका, हलकं होईल. तिनं पुसली. मशीन आणखी बसलं. कारण आता त्याला प्रत्येक चेहऱ्याचं छोटं चित्र नव्यानं काढायचं होतं, आणि चेहरे तर अख्ख्या तालुक्याचे होते. दुसऱ्यानं सांगितलं, चित्र दाखवणंच बंद करा. फोल्डरच्या ऑप्शनमध्ये एक बरोबरची खूण करायची, मग फोटोऐवजी सगळीकडे एकसारखं निळं कार्ड दिसतं. तिनं खूण केली. फोल्डर थोडं लवकर उघडू लागलं. पण सगळी माणसं सारखी झाली.

त्याच दिवशी एका पतसंस्थेच्या संचालकाच्या वाढदिवसाचा बॅनर होता. निळ्या कार्डांत तिचं एक कार्ड चुकलं. ती घाईत होती, तिनं बॅनरवरचं नाव तपासलं, चेहरा तपासला नाही. सकाळी स्टँडवर बॅनर चढला. शुभेच्छा भाऊजींना, फोटो साळ्याचा.

साळा त्याच सकाळी साखरखेर्ड्याहून बसनं उतरला. त्यानं स्वतःला पाहिलं. मोबाइल काढला आणि बॅनरखाली उभा राहून स्वतःसोबत फोटो काढला. दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता.

संध्याकाळी देवानंदभाऊ दुकानात आले. ते ओरडत नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि दीपमालासमोर बसले.

"सोमवारी मेहकरचा मेकॅनिक येऊन राह्यला. फॉरमॅट मारू."

"आन् माणसं?"

"मागच्या लग्नसराईपासूनचं ठेव. बाकी पुसून टाक."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? ज्याइचे अल्बम त्याइनं नेले. आपलं काम संपलं."

"अल्बममंधी नवरा-नवरी हाये, भाऊ. पंगतीतले लोक अल्बममंधी नाही. ते इथंच हाये."

"मंग?"

"मंग त्याइच्यातलं कोणी मेलं तर?"

भाऊ हसले. "मरणाऱ्याची जबाबदारी माह्यावर हाये का वं?"

"हाव," दीपमाला म्हणाली. "फोटो तुमी काढले."

मी अर्जावर सही करत होते. माझा पेन थांबला. भाऊंनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "साळ्याचा बॅनर लावून तू मले अक्कल शिकवतं?"

"बॅनर माही चूक हाये. पुसणं तुमची होईन."

"तुळशीचं लग्न झालं का सिझन लागते. मले मशीन पळणारं पाह्यजे."

"पळवून दाखवलं तं?"

"सोमवारी दुपारपर्यंत. नाही पळालं तं मी सोता पुसतो. तुह्यानं होणार नाही हे मले माईत हाये."

ते गेले. दीपमालानं शटर अर्धं ओढलं. तिचे कान लाल झाले होते.

मी विचारलं, "बाहेरच्या डिस्कवर टाकलं तर?"

"एक होती. मेली. भाऊ दुसरी घेत नाही. घेतली तरी तिचा काय भरोसा?"

मग मी जे विचारलं ते विचारायला नको होतं. "तुझी आई तर सापडली. फ्रेम घरी आहे. तू एवढी का भांडतेस?"

ती माझ्याकडे वळली. "माही माय सापडली, म्हणून दुसऱ्याच्या मायले पुसू का, अर्पे?"

मी स्टूल तिच्या टेबलाशी ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसलो. गिऱ्हाईक नसेल तेव्हा. ती मशीनवर, मी शेजारी स्टुलावर. तिनं आधी ती निळ्या कार्डांची खूण काढून टाकली. मग सगळे फोटो तारखेनं लावले. रेघ सरकू दिली. एक तारीख म्हणजे एक लग्न. त्या तारखेचे सगळे फोटो उचलायचे, नवीन फोल्डर करायचं, त्यात टाकायचे. फोल्डरला नाव काय द्यायचं यावर आमचं थोडं वाजलं.

"नवरा-नवरीचं नाव दे," मी म्हटलं.

"नवरा-नवरीचं नाव त्याइच्या मायबापाले ध्यानात राह्यते. गावाले गाव ध्यानात राह्यते. 'मी डोणगाववाल्याच्या लग्नाले सुलतानपूरले गेलो होतो', असं म्हणतेत लोक."

म्हणून नावं गावांची. मुलीचं गाव, मुलाचं गाव, आणि वर्ष. मी वाचत गेले, ती टाकत गेली. मुंदेफळ, शेलगाव, अंजनी, लोणी. सगळा परिसर पट्टीत उतरत होता. चेहरे त्या त्या लग्नात जाऊन बसत होते.

मग तिनं 'माणसं'वर उजवं बटण दाबलं आणि आत कुठंतरी गेली. तिथं एक पट्टी होती. या फोल्डरमध्ये काय आहे असं मशीन समजतं, ते त्या पट्टीत लिहिलेलं असतं. तिथं 'पिक्चर्स' होतं. त्यामुळे ते प्रत्येक फोटोच्या पोटात शिरून तारीख, मापं, कॅमेरा, सगळं वाचत बसायचं. तिनं पट्टी उघडली आणि 'जनरल आयटम्स' निवडलं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"सर्वसाधारण वस्तू."

"माणसांना वस्तू म्हणायचं?"

"मशीनले म्हणू दे. आपण काऊन म्हणू?"

बाहेरच्या मोठ्या फोल्डरमध्ये आता नुसती गावांची नावं दिसणार होती, ओळीनं, बारीक अक्षरात. मोठी चित्रं फक्त त्या त्या लग्नाच्या आत. उजवीकडे फोटो दाखवणारी जी रुंद पट्टी उघडी असायची, तीही तिनं बंद केली. खिडकी उघडल्याबरोबर आधी उघडलेल्या फायली दाखवायची सवयही बंद केली.

"नवीन माणूस आला का आधीच्या दहा जणांची ओळख करून द्याची काही गरज हाये का?" ती म्हणाली.

रविवारी दुपारी काम झालं. बाजार नव्हता, रस्ता सुस्त होता. तिनं हात ओढणीला पुसले आणि खिडकी उघडली.

हिरवी रेघ निघाली. सरकली. टोकाशी जाऊन थबकली.

दीपमाला खुर्चीत मागं टेकली.  अजून 'माणसं'वर क्लिकही केलं नव्हतं. नुसती खिडकी उघडली होती.

"हे माणसाइनं नाही अडलं," ती हळू म्हणाली. "माणसं तं अजून उघडलीच नाही."

ती स्क्रीनकडे पाहत राहिली. डाव्या बाजूला जिथं नेहमीची फोल्डरं टाचून ठेवतात, तिथं सगळ्यात वर एक नाव होतं. 'जुनं'. ती त्या नावाकडे पाहत राहिली. मग खाली वाकली आणि मशीनच्या मागं पाहिलं.

तिथं ती मेलेली डिस्क होती. 'जुनं' हे तिचंच नाव.

ती भाऊंची. त्यांची सुरुवातीची सगळी वर्षं तिच्यात होती. सायकलवर कॅमेरा लटकवून गावोगाव फिरत होते तेव्हाची लग्नं. नंतर स्कॅन करून, वेळ काढून त्यांनीच भरली होती. मूळ फिल्म पुढं खराब झाली. एकदा खाली पडली आणि मुकी झाली. मेहकरच्या मेकॅनिकनं सांगितलं, गेली. भाऊंनी ऐकलं नाही. त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मशीनच्या मागं जोडून ठेवली. तिच्यावर एक बारीक दिवा लागायचा. "दिवा लागते म्हणजे जीव हाये," भाऊ म्हणायचे. दसऱ्याला कॅमेऱ्याला, प्रिंटरला हळदकुंकू लागायचं तसं तिलाही लागायचं. पिशवीवर जुन्या दसऱ्यांचं कुंकू सुकून बसलं होतं. तिला कोणी हात लावत नसे.

"मशीन दरखेप पह्यले हिलेच इचारते," दीपमाला म्हणाली. "तुह्याजवळ काय हाये म्हणून. आन् ही दिवा दाखवते, बोलत नाही. मशीन बसते वाट पाह्यत."

"भाऊंना फोन कर," मी म्हटलं.

"इचारलं तं नाही म्हणतीन."

"तरी विचार."

"इचारलं, ते नाही म्हणले, तं मंग मले ऐका लागीन." तिनं हात मागं घातला. "म्हणून इचारत नाही."

वायर निघाली. बारीक दिवा विझला. तिनं डाव्या बाजूचं 'जुनं' हे नाव काढून टाकलं. मशीन एकदा बंद करून चालू केलं. आणि खिडकी उघडली.

मला रेघ दिसली नाही. निघाली असेल तर माझी नजर पोचायच्या आत पोचली होती. 'माणसं'. गावांची नावं समोर. अंजनी. आत लग्न. चेहरे पटापट उमटले, सगळे एकदम, एखाद्या मांडवाचा पडदा कोणी ओढावा तसे.

दीपमालानं डिस्क पिशवीसकट उचलली आणि काउंटरवर समोरच ठेवली.

"लपव तरी," मी म्हटलं.

"काऊन लपवू? चोरली का?"

सोमवारी भाऊ सकाळीच आले. दारातूनच त्यांना पिशवी दिसली. मेकॅनिक बसमध्ये बसला होता, त्याच्याशीच त्यांचं फोनवर बोलणं चालू होतं. भाऊंनी बोलता बोलता फोन खिशात टाकला.

"हे कोणं काढलं?"

"म्या."

"लाव परत."

"नाही."

"दीपमाला."

"मशीन पळून राह्यलं, भाऊ. पाहून घ्या. हिच्यापायीच अडत होतं. माणसाइपायी नाही."

"लाव म्हणतो ना."

"तुमचं गेलं ते तुमच्यानं सोडवत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "दिवा लागते म्हणून तुमी हळदकुंकू लावता. आन् लोकाइचं जे जितं हाये ते मले पुसाले सांगता. मी पुसणार नाही. हेही लावणार नाही. मले काढा लागलं तं काढा."

मी स्टुलावर होते. मला उठून जावंसं वाटलं आणि उठता आलं नाही. मी पुस्तकांत पुष्कळ बंडखोर बायका वाचल्या आहेत. त्यांच्यातली एकही बोलताना माउसवर हात ठेवून बसलेली नव्हती. दीपमाला बसली होती. हात हलत नव्हता.

भाऊ काउंटरच्या आत आले. पिशवी उचलली. वाकून मशीनच्या मागं हात घालू लागले.

तेवढ्यात दारात दोघं आले. रामराव, गावातलेच शेतकरी, आणि त्यांची बहीण सिंधूताई. सिंधूताई लोणीला दिलेल्या. दोघांच्या चपला बाहेर निघाल्या. रामरावांचं डोकं नव्यानं भादरलेलं होतं आणि हातात आधार कार्ड होतं.

"माय गेली, भाऊ," रामराव म्हणाले.

भाऊ वाकलेले सरळ झाले. पिशवी त्यांच्या हातातच राहिली.

"रुखमाबाई? कवा?"

"परवा. तेरवीचा बॅनर पाह्यजे. फोटो हाच हाये." त्यांनी कार्ड पुढं केलं. "हिच्यात माय वळखू येत नाही."

दीपमालानं कार्डाकडे पाहिलंही नाही. "काकू कोणाकोणाच्या लग्नाले गेली होती, सांगा."

"माय कुठी जाते," रामराव म्हणाले. "गुडघे धरले होते तिचे."

"काऊन, अंजनीले नाही गेली?" सिंधूताई म्हणाल्या. "तूच सोडून आला होता मोटारसायकलवर."

"ती तं बारशाले."

"लग्नाले रे. बारसं तं तिनं वापस पाठवलं होतं, आमंत्रण उशिरा आलं म्हणून."

"हां. ते हाये खरं."

"आन् सुलतानपूरले? शेवंतीच्या पोरीच्या लग्नात? भाजीत मीठ नाही म्हणून आचाऱ्याले बलावून घेतलं होतं तिनं. सगळी पंगत थांबवली."

रामराव हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मायला जाऊन तीन दिवस झाले नव्हते. पण सिंधूताई थांबल्या नाहीत. माय कुठं गेली, कुठं रुसली, कुठून जेवल्याशिवाय परत आली, सगळं निघालं. मला वाटतं घरात त्यांना हे बोलायला कोणी विचारलं नव्हतं.

"सुलतानपूर," दीपमाला म्हणाली. "वर्ष?"

"शिवम झाला त्याच्या आदल्या वर्षी," रामराव म्हणाले. शिवम त्यांचा मुलगा. त्याचं वय सगळ्यांना माहीत होतं.

तिनं खिडकी उघडली. मी भाऊंकडे पाहत होते. भाऊ स्क्रीनकडे पाहत होते. गावं समोर आली. सुलतानपूर. क्लिक. लग्न उघडलं. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि त्यांनी त्या परत खाली आणल्या.

दीपमाला फोटो खाली सरकवत गेली. अक्षता, वरात, जेवणं. बायकांची पंगत.

"थांब," सिंधूताई म्हणाल्या.

पंगतीच्या मधोमध रुखमाबाई उभ्या होत्या. बाकी सगळ्या बसलेल्या. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट सरळ कॅमेऱ्यावर रोखलेलं. तोंड उघडं. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. कडेला महामायाबाईंची पाठ दिसत होती, परात घेऊन जाताना. ती मला दिसली. दीपमालाला अर्थातच आधी दिसली असणार. 

"आचाऱ्याले बोलून राह्यली का?" रामरावांनी विचारलं.

"मले," देवानंदभाऊ म्हणाले. सगळ्यांनी मागं पाहिलं. "बायकाइच्या पंगतीत कॅमेरा घेऊन शिरलो होतो. म्हणे, जेवताना माणसाचा फोटो काढते का रे, मुडद्या. हाकललं मले. मी जाता जाता बटण दाबलं."

सिंधूताई हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. पदर तोंडात धरून बराच वेळ दोन्ही चाललं.

"हा बॅनरवर कसा लावाचा पण?" रामराव म्हणाले. "लोक हासतीन. दुसरा पाह्य वं बाई, हात जोडलेला."

"हात जोडलेली माय तू पाह्यली का कवा?" सिंधूताईंनी डोळे पुसले. "म्या नाही पाह्यली. हाच लाव. बोटासकट."

"पाव्हणे काय म्हणतीन?"

"पाव्हण्याइले तिनं जितेपणी विचारलं नाही. आता काय विचारते?"

रामरावांनी आधार कार्ड खिशात टाकलं. मग त्यांना काहीतरी आठवलं. ते भाऊंकडे वळले.

"भाऊ, आमच्या बापाचाही असंन ना मंग एखादा? तुमी सायकलवर येत होते तवाचा. मायच्या बाजूले बापाचा लावला असता."

 बाहेर चपलांच्या दुकानात रेडिओ लागला होता.

भाऊंनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. अंगठ्यानं तिच्यावरचं सुकलेलं कुंकू खरडलं.

"होता," ते म्हणाले. "एका बैलगाडीवर बसून होता तुमचा बाप. पांढरा फेटा. मले आठवते." मग पिशवी वर धरली. "हिच्यात होता. ही मेली, रामराव. माह्या हातून पडली."

मेली हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. दीपमालानंही पहिल्यांदाच ऐकला असावा. तिनं माउसवरचा हात काढला.

भाऊंनी वायर पिशवीभोवती गुंडाळली, नीट, एकावर एक वेढा देऊन. पिशवी भिंतीतल्या कपाटात जुन्या कॅमेऱ्याशेजारी ठेवली. कपाट लावलं. मग खिशातून फोन काढला.

"हां. कुठी पोचला? ... उतर मंग तिथंच. वापस जाय. ... नाही, काही नाही झालं. माणसं हाये मशीनमंधी."

रामराव आणि सिंधूताई बॅनरचा मजकूर सांगून गेले. भाऊ दीपमालाच्या मागं येऊन उभे राहिले. चांगलं वाटलं असं काही ते म्हणाले नाहीत. तिला काढणार नाही, असंही म्हणाले नाहीत. स्क्रीनवर गावांची नावं बारीक अक्षरात उभी होती.

"हे एवढुसं काऊन दिसते?" ते म्हणाले. "गिऱ्हाइकाले वाचता येत नाही. मोठाले फोटो करतो, थांब." आणि त्यांनी माउसकडे हात नेला.

"हात काढा, भाऊ," दीपमाला म्हणाली.

त्यांनी काढला.

बुधवारी बॅनर लागला. रामरावांनी जागा निवडली होती, स्टँडवर, नव्या दुकानाच्या काचेच्या दारासमोर. रुखमाबाई एका हाताच्या बोटानं समोर दाखवत आणि एका हातानं कमर धरून उभ्या होत्या. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. एसटीतून उतरणारे लोक वर पाहायचे आणि काही जणांचा हात आपोआप टोपीकडे जायचा. एक म्हातारा बराच वेळ बॅनरखाली उभा राहिला. मग त्या बोटाकडे पाहत मोठ्यानं म्हणाला, "हाव, हाव, चाललो," आणि निघून गेला.